आणखी एक वर्ष

वर्ष सरत आलें कीं पुष्कळ घरांत एक कौतुकाचा सोहळा होतो. मुलास दाराच्या चौकटीशीं ताठ उभें करून डोक्याशीं कोळशानें रेघ ओढावयाची व मागील वर्षाच्या रेघेहून ती किती वर गेली हें सर्वांनीं पाहावयाचें. शाळेंतही हाच प्रकार निराळ्या रूपानें चालतो; गुणपत्रक हातीं पडतें व इयत्ता वाढते. देह वाढला, विद्या वाढली. परंतु ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्याच्या अंतःकरणाची वाढ झाली कीं नाहीं, हें कोणत्या चौकटीवर मोजावें? वर्षाच्या शेवटच्या रात्रीं उपासनेस बसलों असतां हा प्रश्न आमच्या मनांत येतो, आणि तो आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या वडील मंडळींपुढें मांडावा, एवढाच या पाठाचा हेतु आहे.

काळ लोटला म्हणजे प्रौढता आपोआप येते, असा एक समज आहे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या पांचव्या अध्यायाच्या शेवटीं लेखकानें तो खोडून काढला आहे. ज्यांनीं एव्हांना दुसऱ्यांस शिकवावयाचें, ते अजून दुधावरच राहिले आहेत, अशी त्याची तक्रार आहे. त्याच्या मतें प्रौढ तो नव्हे, ज्यास पुष्कळ ठाऊक आहे. बरें व वाईट ओळखण्याचा ज्याच्या मनास सराव झाला आहे, तोच प्रौढ. सराव हा शब्द विद्यार्थ्यांनीं ध्यानांत धरावा. गणिताचा सराव कसा होतो हें त्यांस सांगणें नको.

आपल्या महाराष्ट्रांतील एक उदाहरण पाहूं. पंडिता रमाबाईंची विद्वत्ता सर्वश्रुत आहे. लहानपणींच त्यांस भागवतादि ग्रंथ मुखोद्गत होते, आणि १८७८ सालीं कलकत्त्याच्या पंडितांनीं त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८३ सालीं इंग्लंडांत त्यांचा बाप्तिस्मा झाला, तेव्हां त्यांचें वय पंचवीस वर्षांचें होतें. एवढ्या बुद्धिमान् स्त्रीनें विचारपूर्वक घेतलेला तो निर्णय. तेथेंच सर्व कांहीं पूर्ण झालें असें कोणासही वाटेल. परंतु १९०७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षींत रमाबाई स्वतःच निराळें सांगतात. बाप्तिस्म्यानंतर सुमारें आठ वर्षांनीं त्यांस कळून आलें कीं, आपणांस ख्रिस्ती धर्म सांपडला खरा, परंतु ख्रिस्त सांपडला नाहीं. मधल्या काळांत त्या रिकाम्या बसल्या होत्या असें नव्हे. अमेरिकेंत त्यांनीं व्याख्यानें दिलीं, ग्रंथ लिहिला, १८८९ सालीं मुंबईस शारदा सदन काढलें. जगाच्या दृष्टीनें त्या केव्हांच मोठ्या झाल्या होत्या. तरीही आपल्या आंत कांहीं उणें आहे हें त्यांनीं ओळखलें व तें लपविलें नाहीं. ही कबुली त्यांच्या सर्व पदव्यांहून आम्हांस मोठी वाटते.

त्या वाढीस पुढें फळ कोणतें आलें? १८७४ च्या सुमारास दक्षिणेंतील दुष्काळांत त्यांचे वडील, आई व बहीण एकामागून एक गेलीं होतीं. भूक काय असते हें त्या जाणत होत्या. १८९६-९७ सालीं मध्यप्रांतांत दुष्काळ पडला, तेव्हां त्या स्वतः तेथें गेल्या व उपाशी मुलींस घेऊन आल्या. त्यांच्यासाठीं केडगांवास मुक्ति सदन उभें राहिलें. पुढें उतारवयांत त्या हिब्रू व ग्रीक भाषा शिकल्या, तें अशिक्षित बायकांसही समजेल अशा सोप्या मराठींत पवित्र शास्त्र आणण्यासाठीं. १९२१ सालीं त्यांची एकुलती एक कन्या मनोरमाबाई वारली; १९२२ सालीं त्या स्वतः गेल्या; संपूर्ण ग्रंथ छापून निघाला तो १९२४ सालीं. पदवी मिळविणारी पंडिता ती हीच. पण संस्कृत श्लोकांनीं सभा जिंकण्यापासून निरक्षर मुलीस समजेल असा साधा शब्द शोधीत बसण्यापर्यंत केवढें अंतर आहे!

आतां लूककृत शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय उघडावा. एका द्राक्षमळ्यांत अंजिराचें झाड आहे. धनी तीन वर्षें येऊन पाहतो, फळ नाहीं. तोडून टाक, असें तो माळ्यास सांगतो. माळी आणखी एक वर्ष मागून घेतो. पण नुसतें वर्ष मागत नाहीं, भोंवतीं खणून खत घालण्याचें काम अंगावर घेतो. आमच्या पुरंदर तालुक्यांत अंजिराच्या बागा आहेत. तेथील माळी बहार धरण्यापूर्वीं पाणी तोडून झाडास ताण देतात, मग आळें खणून, खत घालून पुन्हां पाणी सोडतात. झाडास बोलतां आलें असतें तर त्या दिवसांत त्यानें माळ्यास निर्दयच म्हटलें असतें. नवें वर्ष म्हणजे नवी वही, नवे संकल्प, असें आपण समजतों. दृष्टांतांतील वर्षाचा आरंभ कुदळीनें होतो.

ही कुदळ आमच्याही मुळांशीं एकदां लागली. आम्ही वसतिगृहांत राहत असतांना शास्त्रपरीक्षेंत आम्हांस पहिलें बक्षीस मिळालें. त्याच आठवड्यांत आमच्या चेंडूनें प्रार्थनागृहाची कांच फुटली, आणि आळ आला तो आचाऱ्याच्या मुलावर. त्याच्या बापाच्या पगारांतून पैसे कापले गेले. आम्ही गप्प बसलों. नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशीं वहींत “सदा सत्य बोलावें” असें सुंदर अक्षरांत लिहिलें. दुसऱ्या वर्षींही लिहिलें. तिसऱ्या वर्षीं मात्र वर्षाखेरच्या उपासनेंत याच अंजिराच्या झाडावर प्रवचन झालें व आम्हांस तेथें बसवेना. तसेच उठून आम्ही स्वयंपाकघरांत गेलों व बक्षिसांतून उरलेले पैसे आचाऱ्यापुढें ठेवून सर्व सांगितलें.

“मला तेव्हांच ठाऊक होतें, लेकरा,” तो म्हणाला. “तूं कधीं येतोस तेंच बघत होतों.”

त्यानें पैसे मोजून घेतले. पुरे नव्हते, तेंही सांगितलें. मग चुलींतलें लांकूड मागें ओढून तो म्हणाला, “माझें झालें. पण शिव्या माझ्या पोरानें खाल्ल्या. तो भांडीं घासतोय मागें, त्याला सांग.”

बापाशीं बोलणें त्या मानानें सोपें होतें. तो मुलगा आमच्याहून तीन वर्षांनीं लहान. त्याच्यापुढें मान खालीं घालावयाची या विचारानें पाय जड झाले. मागल्या दारापर्यंतचीं तीं दहा पावलें आम्हांस अजून आठवतात. त्यानें ऐकून घेतलें, क्षमा केली असें कांहीं म्हटलें नाहीं, आणि राखेची मूठ आमच्याकडे सरकविली. त्या रात्रीं घड्याळांत बारा वाजले तेव्हां आम्ही दोघे पातेलीं घाशीत होतों.