सॉफ्टवेअर फुकट, रॅमला पैसे

परवा भाचीने क्लासची पावती दाखवली. फीच्या खाली वेगळी ओळ: ‘सॉफ्टवेअर किट, ₹३,५००’. किट म्हणजे एक पेनड्राइव्ह. त्यात नोड, गिट, व्हीएस कोड, झॅम्प आणि मायएसक्यूएल. ही सगळी सॉफ्टवेअर आपापल्या मूळ साइटवर फुकट मिळतात. वेब ॲप शिकायला बसणाऱ्याने सॉफ्टवेअरसाठी खिशात हात घालायचं काही कारणच नाही.

उतरवताना दोन गोष्टी पाहा. नोडची ‘एलटीएस’ लिहिलेली आवृत्ती घ्या. आणि ‘व्हीएस कोड’ शोधताना ‘व्हिज्युअल स्टुडिओ’वर क्लिक करू नका. पहिलं साधारण शंभर एमबीचं, दुसरं कित्येक जीबीचं. रोजच्या दीड जीबीच्या रिचार्जवर हा धडा महाग पडतो. वेबस्टॉर्मसारखं एरवी पैसे मोजून घ्यायचं एडिटरसुद्धा २०२४पासून बिनव्यावसायिक वापराला फुकट आहे. डॉकर डेस्कटॉप विद्यार्थ्यांना फुकट. छोट्या कंपनीलाही, पण माणसं २५०पेक्षा कमी आणि वर्षाची उलाढाल एक कोटी डॉलरच्या आत, अशा दोन्ही अटी पाळल्या तरच.

भाचीचं गाडं मात्र भलतीकडेच अडलं होतं. झॅम्पमध्ये मायएसक्यूएलचं बटण दाबलं की ते क्षणभर सुरू व्हायचं आणि खाली लाल अक्षरं उमटायची. क्लासचं म्हणणं, लॅपटॉप बदला. खरं कारण असं की झॅम्प स्वतःचा डेटाबेस घेऊनच येतो. पाटीवर नाव मायएसक्यूएलचं असलं तरी आत असतो मारियाडीबी. तो मागतो ३३०६ नंबरचा पोर्ट, आणि किटमधल्या मायएसक्यूएलने विंडोज सुरू होतानाच तिथे बस्तान मांडलेलं. दोघांपैकी एकच ठेवायचा. वेगळा मायएसक्यूएल काढून टाकला, काम सुरू झालं. खर्च शून्य, वेळ दहा मिनिटं.

पैसे खरे लागतात ते रॅमला. आठ जीबीत एडिटर, ब्राउझर आणि नोड चालतात. डॉकर आला की दम लागतो, कारण त्याच्या खाली चालणारं विंडोजमधलं लिनक्स मोकळं सोडलं तर निम्म्या रॅमपर्यंत जाऊ शकतं. सोळा करा. पण दुकानात जाण्याआधी टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर किती स्लॉट भरलेत ते बघा आणि आपल्या मॉडेलची रॅम बदलता येते ना, याचीही खात्री करा. पातळ लॅपटॉपांत ती बोर्डावरच डकवलेली असते. एसएसडी नसेल तर तो रॅमच्याही आधी.

प्रोजेक्ट वनड्राइव्हच्या फोल्डरात ठेवू नका. नोड-मॉड्यूल्समधल्या हजारो बारक्या फायली वर चढवता चढवता डेटा आणि डोकं दोन्ही संपतं.

डोमेन आत्ताच घ्यायची घाई नको. घ्याल तेव्हा डॉट-इनला वर्षाला साधारण पाचशे ते हजार रुपये धरा, आणि पहिल्या वर्षाच्या सवलतीपेक्षा नूतनीकरणाचा भाव बघा. एसएसएल सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्टकडून फुकट मिळतं, त्यासाठी कोणी पैसे मागितले तर हसून नाही म्हणा. क्लाउडवाले ‘फुकट’ म्हणत कार्ड मागतात. तिथे बजेटची सूचना लावाच, पण ती फक्त कळवते, मीटर थांबवत नाही, हेही लक्षात असू द्या.

क्लासने ते साडेतीन हजार काही परत दिले नाहीत. पेनड्राइव्ह ३२ जीबीचा निघाला. तो पुसला, त्यावर उबंटू चढवलं आणि तिच्या आजोबांचा अडगळीतला लॅपटॉप त्यावरून उठवला.