खिडकी गळतेय आणि ग्राहक चिडलाय: वॉरंटीची तक्रार कशी हाताळायची?



माल विकायला सगळेच शिकवतात. विकलेल्या मालाची तक्रार आली की काय करायचं, ते मात्र बहुतेक जण स्वतःचे पैसे घालवून शिकतात. मीही तसंच शिकलो.

माझं ॲल्युमिनियम आणि यूपीव्हीसी खिडक्यांचं दुकान आहे. दुकानाचा दुसराच पावसाळा होता. एका निवृत्त शिक्षकांच्या बंगल्यात आम्ही स्लायडिंग खिडक्या बसवल्या होत्या. जुलैमध्ये त्यांचा फोन आला, "अरे, हॉलच्या खिडकीतून पाणी आत येतंय." मी म्हणालो, "सर, वॉरंटी कंपनीची आहे. कंपनीला कळवतो, ते बघतील." आणि मोकळा झालो.

कंपनीचा माणूस यायला १२ दिवस लागले. त्याने खालच्या ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओतलं. पाणी तिथेच साचून राहिलं. ट्रॅकमधलं पाणी बाहेर जावं म्हणून भोकं ठेवलेली असतात, ती सिमेंटने बुजली होती. "प्रोफाइल ठीक आहे, चूक फिटिंगची," असं लिहून तो गेला. म्हणजे चूक आमचीच. भोकं मोकळी करायला अर्धा तास लागला. पण तोपर्यंत भिंतीचा रंग फुगला होता, दिवाणाचं प्लायवूड सुटलं होतं. तो खर्च मी दिला. त्याच गल्लीत दोन बंगल्यांचं काम येणार होतं, ते दुसऱ्या दुकानात गेलं. सर एवढंच म्हणाले, "चूक कोणाचीही होते रे. पण तू बघायलासुद्धा आला नाहीस."

तेव्हापासून माझा नियम एकच: आधी जाऊन बघायचं, पैसे कोणी द्यायचे ते नंतर.

पायरी १: फोनवर निकाल देऊ नका

"कंपनीचा प्रॉब्लेम आहे" किंवा "तुम्हीच नीट वापरली नसेल" यातलं काहीच फोनवर बोलू नका. बिल नंबर, कोणती खिडकी, कधीपासून आणि कोणत्या वेळी त्रास होतो, एवढं विचारा. व्हॉट्सॲपवर फोटो किंवा व्हिडिओ मागवा. तक्रार वहीत तारखेसह लिहा आणि येण्याचा दिवस सांगा. मी ४८ तासांच्या आत जातो. पावसाळ्यात गळतीची तक्रार असेल तर शक्यतो त्याच दिवशी.

पायरी २: कारण शोधा

खिडकीच्या तक्रारीचं मूळ चारपैकी एका ठिकाणी असतं: माल, फिटिंग, बांधकाम किंवा वापर. काही उदाहरणं बघा.

- पाणी येतंय: आधी ट्रॅकची भोकं तपासा. मग बाहेरून पाइपने पाणी मारा, पण खालून सुरुवात करून हळूहळू वर जा. आत एक माणूस उभा करा. एकदम वरून पाणी मारलं तर ते नेमकं कुठून शिरलं हे कळतच नाही. फ्रेम आणि भिंतीमधलं सिलिकॉन सुटलं असेल तर ते फिटिंग. बाहेरच्या ग्रॅनाइटचा ढाळ आतल्या बाजूला असेल किंवा वरच्या भिंतीला चीर असेल तर ते बांधकाम.
- खिडकी जड सरकते: ट्रॅकमध्ये माती साचली असेल तर साफसफाई हवी. ट्रॅक स्वच्छ असूनही रोलर तुटला असेल तर माल तपासा. फ्रेमचे दोन्ही कर्ण टेपने मोजा. मापं वेगळी आली तर फ्रेम काटकोनात बसलेली नाही.
- काच धुरकट दिसते: डबल काचेच्या दोन काचांमध्ये बाष्प धरलं असेल, तर काचेचं सील गेलंय. हा कंपनीकडे मागण्यासारखा क्लेम आहे. बाष्प घरातल्या बाजूला धरत असेल आणि पुसल्यावर जात असेल, तर ती खोलीतली दमट हवा. तिथे खिडकीचा दोष नाही.

पायरी ३: लिहा, सही घ्या

काय आढळलं, कारण काय, दुरुस्ती कोण आणि कधी करणार, हे जॉब कार्डवर लिहा. एक प्रत ग्राहकाला द्या. कंपनीकडे क्लेम करायचा असेल तर सुटा भाग काढण्याआधीच फोटो घ्या, खरेदीचं बिल जोडा आणि खराब भाग टाकून देऊ नका. कंपनी तो मागू शकते.

पायरी ४: चूक आपली असेल तर लगेच मान्य करा

फिटिंग आपली असेल तर खर्चही आपला. यासाठी मी प्रत्येक कामातून २ टक्के बाजूला ठेवतो. ६०,००० च्या कामात १,२०० रुपये. तक्रार आली नाही तर पैसे आपलेच आहेत. चूक बांधकामाची असेल तर ती ग्राहकाला पाणी मारून प्रत्यक्ष दाखवा आणि दुरुस्तीचा दर आधी सांगा.

कायदा थोडक्यात

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे जाता येतं. आणखी एक गोष्ट नीट लक्षात घ्या. कंपनीच्या वॉरंटीपेक्षा वेगळी हमी तुम्ही स्वतः दिलीत आणि माल त्या हमीप्रमाणे निघाला नाही, तर त्यातून झालेल्या हानीची जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते. म्हणून "बिनधास्त घ्या, दहा वर्षं काही होत नाही" असं गिऱ्हाईक पटवण्यासाठी बोलू नका, व्हॉट्सॲपवर तर नाहीच नाही.

आजचा गृहपाठ

तुमचं शेवटचं बिल काढा. त्यावर या चार गोष्टी आहेत का बघा: मालाची वॉरंटी किती आणि कोणाची, फिटिंगची हमी किती, कशाला वॉरंटी नाही, आणि तक्रार कुठे करायची. नसतील तर आजच साध्या मराठीत चार ओळी लिहा आणि पुढच्या बिलापासून छापून घ्या. खिडक्या विकत नसाल, मिक्सर किंवा फर्निचर विकत असाल, तरी या चार ओळी लागतातच.

आणि एखाद्या ग्राहकाची तक्रार तुमच्याकडे पडून असेल, तर हे वाचून झाल्यावर पहिला फोन त्यांना करा.