मंडळीच्या हिशेबाचा नियम कसा लिहावा

वाचनपाठ : २ राजे १२:९-१५, एज्रा ८:२४-३४, २ करिंथ ८:१६-२१.

हिशेबाचा विषय निघाला की आमच्या मंडळ्यांतून पुष्कळदा असे ऐकू येते की, योवाश राजाच्या काळी मंदिराच्या कामावरील माणसांपासून हिशेब घेत नसत, कारण ती विश्वासाने वागत. मग आपल्या खजिनदारापासून तो का मागावा? परंतु तोच अध्याय थोडा वरून वाचावा. पेटीतील पैसा राजाचा चिटणीस व मुख्य याजक असे दोघे मिळून मोजीत आणि मगच तो कामावरील मुकादमांच्या हाती देत. विश्वास होताच, पण मोजणी एकट्याची नव्हती. एज्रानेही सोने-रुपे याजकांस तोलून दिले, यरुशलेमात ते पुन्हा तोलून घेतले, व सर्व वजन लिहून ठेविले. हिशेब मागणे म्हणजे संशय घेणे नव्हे. प्रामाणिक सेवकास निंदेपासून राखणे होय. पौलानेही वर्गणी नेताना हीच काळजी घेतली.

आता नियमाच्या शब्दांकडे वळू. कित्येक घटनापत्रांत एवढेच लिहिलेले असते : ‘खजिनदाराने वेळोवेळी योग्य हिशेब सादर करावा.’ यातील ‘वेळोवेळी’ म्हणजे केव्हा? ‘योग्य’ म्हणजे कसा? सादर कोणापुढे? ‘करावा’ या शब्दासही कोणी केवळ सूचना समजतो. असा नियम भांडणाच्या दिवशी कोणाच्याच उपयोगी पडत नाही. म्हणून नियमात पाच गोष्टी स्पष्ट असाव्या : कोणी, काय, कोणत्या तारखेपर्यंत, कोणापुढे, आणि न केल्यास पुढे काय.

नमुना असा :

‘दर रविवारचे दान दोन पंचांनी उपासनेनंतर तेथेच मोजून वहीत सह्या केल्याच पाहिजेत. खजिनदाराने दर तिमाहीचा जमाखर्च, हाती व बँकेत असलेल्या शिलकेसह, पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत पंचमंडळापुढे लेखी ठेवलाच पाहिजे. विशेष कामासाठी आलेले दान वेगळे दाखवावे लागेल. वर्षाचा तपासलेला हिशेब मंडळीच्या वार्षिक सभेत वाचला जाईल. मुदत चुकल्यास पंचमंडळ १५ दिवसांत सभा बोलावील व हिशेब येईपर्यंत नवीन खर्चास मंजुरी देणार नाही.’

सुगीच्या सणाचे धान्य, कोंबडी, अंडी हीही दानेच आहेत. त्यांची विक्री व किंमत वहीत यावी.

जी मंडळी महाराष्ट्रात सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली आहे, तिला १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचेही बंधन आहे. कलम ३२ प्रमाणे हिशेब ठेवणे, व कलम ३३ प्रमाणे दरवर्षी ३१ मार्चला, अथवा धर्मादाय आयुक्त ठरवून देतील त्या दिवशी, ते बंद करून तपासून घेणे, हे विश्वस्तांचे कर्तव्य आहे. आपला नियम या कायद्याहून सैल नसावा.

तसेच शहरातील मोठ्या संस्थेचा नियम जसाच्या तसा उतरून घेऊ नये. जो नियम खेड्यातील खजिनदारास पाळता येत नाही, तो पहिल्याच वर्षी मोडतो, आणि एकदा मोडलेल्या नियमाची भीड कोणी धरीत नाही. थोडे लिहावे, पण लिहिलेले पाळावे.

विधवेच्या दोन टोल्यांकडे प्रभूचे लक्ष होते. ते आपल्या हाती आल्यावर कोठे गेले, हे सांगता येणे हीही आपली सेवाच आहे.

चर्चेसाठी प्रश्न : आपल्या मंडळीच्या नियमात वरील पाचांपैकी कोणती गोष्ट नाही?