वाहनातील दुसरी बॅटरी : फिरत्या सेवांचा आधार

बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन स्वाभाविक भाग पडतात. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा व सिंदखेड राजा हे तालुके घाटावर येतात. तर मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद व संग्रामपूर घाटाखाली. पूर्णेच्या खोऱ्यापासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत पसरलेल्या या जिल्ह्यात रुग्णवाहिका, फिरते आरोग्य पथक, पशुवैद्यकीय पथक अशा अनेक सेवा चाकांवरूनच गावात पोहोचतात. या वाहनांना धावण्यासाठी इंधन लागते, तशीच थांबून काम करण्यासाठी वीज लागते. जुलै २०२३ मध्ये जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांत अतिवृष्टीने पूर आला. अशा आपत्तीत गावचा वीजपुरवठा खंडित झाल्यास मदतीसाठी आलेल्या वाहनाला स्वतःच्याच विजेवर विसंबावे लागते.

एका बॅटरीवर दोन भार नकोत

वाहनाची मूळ बॅटरी इंजिन सुरू करण्यासाठी घडविलेली असते. तिच्यातील शिशाच्या पातळ पट्ट्या काही सेकंद फार मोठा प्रवाह देतात आणि इंजिन सुरू होताच अल्टरनेटर ती तूट भरून काढतो. इंजिन बंद ठेवून याच बॅटरीवर तासन्‌तास दिवे, पंखे व शीतपेटी चालविल्यास ती उतरते. वारंवार खोलवर उतरल्याने तिच्या पट्ट्याही लवकर निकामी होतात. शिबिर आटोपल्यावर वाहनाला धक्का मारावा लागणे ही गैरसोय होय. परंतु रुग्ण आत घेतल्यावर सेल्फ न फिरणे हा जीविताचा प्रश्न होय.

यावर उपाय म्हणजे दुसरी, स्वतंत्र बॅटरी. जाड पट्ट्यांची ही बॅटरी मंद गतीने, दीर्घकाळ वीज देण्यासाठी बनविलेली असते. उपकरणांचा सर्व भार तिच्यावर टाकावा आणि मूळ बॅटरी केवळ वाहनासाठी राखावी, हे या व्यवस्थेचे मूळ सूत्र आहे.

क्षमतेचा हिशोब

बॅटरी अंदाजाने घेऊ नये. समजा, एक आरोग्य पथक गावात ४ तास थांबते. दिव्यांना २० वॅट, पंख्यांना ३०, औषधांच्या शीतपेटीला सरासरी ३० आणि ध्वनिक्षेपकाला २० वॅट लागतात; एकूण भार १०० वॅट झाला. चार तासांत ४०० वॅट-तास खर्च होतील. १२ व्होल्टने भागता ही गरज सुमारे ३३ अँपिअर-तास येते. शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक उतरू देऊ नये, म्हणून ६७ अँपिअर-तास हवेत. वयोमानाने क्षमता घटते, यासाठी एक-पंचमांश वाढ धरली की ८० अँपिअर-तासांची बॅटरी योग्य ठरते. उपकरणे शक्यतो १२ व्होल्टवर चालणारीच घ्यावीत, कारण इन्व्हर्टर वापरल्यास काही वीज त्यातच वाया जाते.

खर्चाइतकाच भरण्याचाही विचार करावा. चार तासांत खर्च झालेली वीज दोन गावांमधील अर्ध्या तासाच्या प्रवासात भरून निघत नाही. बॅटरी भरत आली की तिचा प्रवाह आपोआप मंदावतो. म्हणून मुख्यालयी रात्री चार्जर लावण्याची सोय असावी. टपावर १०० वॅटचे सौर पॅनेल बसविल्यास स्वच्छ उन्हात भरदुपारी ५ अँपिअरच्या आसपास प्रवाह मिळतो. पावसाळ्यात मात्र त्याचा भरवसा धरू नये.

जोडणीतील दक्षता

दोन्ही बॅटऱ्या नुसत्या तारेने जोडल्या तर एक उतरताना दुसरीलाही उतरविते. त्यांच्यामध्ये विलग करणारा रिले हवा. इंजिन सुरू असताना तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो आणि इंजिन बंद झाल्यावर त्या वेगळ्या करतो. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकाच्या अनेक वाहनांत अल्टरनेटरचा दाब संगणकाकडून कमी-जास्त केला जातो. तेथे साध्या रिलेऐवजी डीसी-टू-डीसी चार्जर वापरणे इष्ट ठरते. लिथियमची बॅटरी निवडल्यास तिला साजेसाच चार्जर घ्यावा.

तारेच्या जाडीत काटकसर करू नये. बॅटऱ्यांत ५ मीटर अंतर असेल, तर जाण्या-येण्याची तार १० मीटर होते. २० अँपिअर प्रवाहाला ४ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत सुमारे ०.८६ व्होल्ट दाब घटतो आणि बॅटरी पुरती भरत नाही. १० चौरस मिलिमीटरच्या तारेत ही घट ०.३४ व्होल्टवर येते. या तारेच्या दोन्ही टोकांना, प्रत्येक बॅटरीच्या धन अग्राजवळ, फ्यूज बसविणे अनिवार्य समजावे. तार घासून चेसिसला टेकली तर दोन्हीकडून प्रवाह धावतो. एकाच टोकाचा फ्यूज आग थोपवू शकत नाही.

बॅटरी पक्क्या चौकटीत आवळून बसवावी. पाण्याच्या बॅटरीतून चार्ज होताना हायड्रोजन वायू निघतो. म्हणून माणसे बसतात त्या कप्प्यात ती ठेवू नये. तेथे बंदिस्त प्रकारची बॅटरी, बाहेर वायुवीजन असलेल्या पेटीत ठेवावी. घाटाखालच्या तालुक्यांत उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि उष्णतेने बॅटरीचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणून इंजिनालगतची जागा टाळलेली बरी.

मान्यता, देखभाल आणि चाचणी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. यास्तव सामान्य वाहनाचे रूपांतर करण्यापूर्वी परिवहन कार्यालयाचा व उत्पादकाचा सल्ला घ्यावा. बॅटरीतील पाण्याची पातळी, अग्रांची स्वच्छता व तारांची घट्टपणा यांची दरमहा तपासणी करून ती वाहनाच्या नोंदवहीत लिहावी. निकामी बॅटरी भंगारात फोडू न देता बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार अधिकृत पुनर्चक्रणासाठी द्यावी.

देयक मंजूर करण्यापूर्वी एक साधी चाचणी ग्रामपंचायतीला किंवा कार्यालयाला स्वतः घेता येईल. दोन्ही बॅटऱ्या पूर्ण भरून वाहन काही तास उभे ठेवावे आणि मल्टिमीटरने मूळ बॅटरीचा दाब नोंदवावा, तो १२.६ व्होल्टच्या आसपास असतो. मग इंजिन बंद ठेवून सर्व उपकरणे ठरलेले तास चालवावीत आणि दाब पुन्हा पाहावा. मूळ बॅटरीचा दाब जवळपास तसाच राहिला, दुसरीचा १२.२ व्होल्टच्या फार खाली गेला नाही आणि इंजिन पहिल्याच प्रयत्नात सुरू झाले, तर काम योग्य झाले असे समजावे. यांपैकी एकही गोष्ट न जुळल्यास काम दुरुस्त करून घेतल्याखेरीज वाहन सेवेत दाखल करू नये.