सात किलोंची चूक

एफ.ई.ला असताना मेकॅनिक्सच्या टर्म टेस्टमध्ये आम्हाला एक गणित आलं होतं. एक माणूस पायाला रबरी दोर बांधून पुलावरून उडी मारतो. दोराची मूळ लांबी अमुक, स्टिफनेस तमुक, तर तो जास्तीत जास्त किती खाली जाईल? मी मोठ्या आत्मविश्वासाने 'वजन = दोराचा ताण' असं समीकरण मांडलं, चार ओळींत उत्तर काढलं आणि त्याला चौकट केली. आठपैकी शून्य! पेपर दाखवताना सर म्हणाले, "बाळा, तुझा माणूस ज्या जागी थांबलाय ना, तिथे तर तो सगळ्यात जोरात चाललेला असतो." सगळा वर्ग हसला. मीही हसलो, पण मनापासून काही पटलं नव्हतं. पुढे केटी लागली नाही, म्हणून विषय तिथेच मिटला.

तो पुन्हा उकरून काढायचं कारण म्हणजे २०२४ च्या डिसेंबरातली माझी न्यूझीलंडवारी. माझी ताई लग्नानंतर ख्राइस्टचर्चला असते. भावोजींनी तिकीट काढलं, आणि क्वीन्सटाउनला चार दिवस जायचं ठरलं. ताईने ऑनलाइन बुकिंग करताना मला फोनवर विचारलं, "तुझं वजन किती रे?" मी म्हटलं, "अडुसष्ट." हा आकडा एस.ई.ला जिममध्ये नाव घातलं तेव्हाचा. जिम महिनाभर टिकली, आकडा मात्र डोक्यात कायम राहिला.

आता थोडा इतिहास, कारण तो सबमिशनमध्ये कुणी लिहीत नाही. उंचावरून पाय बांधून उडी मारण्याची प्रथा मूळची पॅसिफिक महासागरातल्या वानुआतू देशातल्या पेंटेकोस्ट बेटावरची. तिथले लोक लाकडी मनोरा बांधतात आणि घोट्याला रानवेली बांधून खाली झेपावतात. खालची माती भुसभुशीत केलेली असते, आणि उडीच्या फळीचा आधार असा ठेवलेला असतो की वेल ताणली की तो मोडतो आणि झटक्याचा काही भाग स्वतः खातो. म्हणजे आपण ज्याला एनर्जी अ‍ॅब्सॉर्बर म्हणतो तो! वेल कुठली घ्यायची हे गावातला जाणता माणूस उडी मारणाऱ्याकडे बघून ठरवतो. हा सोहळा एप्रिल ते जून या दिवसांत होतो, कारण पावसाळ्यानंतर वेलींत ओल आणि लवचिकपणा असतो. १९७४ मध्ये ब्रिटनच्या राणीच्या भेटीसाठी तो फेब्रुवारीतच केला गेला. वेल तुटली आणि एकाचा जीव गेला. मटेरियल तेच होतं, फक्त प्रॉपर्टी बदललेली होती.

पुढची पायरी १ एप्रिल १९७९ ची. ऑक्सफर्डच्या 'डेंजरस स्पोर्ट्स क्लब'च्या पोरांनी ब्रिस्टलच्या क्लिफ्टन झुलत्या पुलावरून रबरी दोर बांधून उड्या मारल्या आणि पोलिसांच्या ताब्यात गेली. न्यूझीलंडच्या ए. जे. हॅकेटने १९८७ मध्ये आयफेल टॉवरवरून उडी मारली, आणि १९८८ मध्ये हेन्री व्हॅन अ‍ॅशला सोबत घेऊन क्वीन्सटाउनजवळच्या कावाराउ पुलावर लोकांसाठी कायमचं केंद्र सुरू केलं. मी गेलो तो हाच पूल. १८८० सालचा जुना झुलता पूल, खाली ४३ मीटरवर निळसर हिरवं पाणी. पाणी सुंदर आहे, पण उडी मारायची असेल तर सौंदर्य फारसं दिसत नाही.

काउंटरवर मला वजनकाट्यावर उभं केलं. ७५! मी म्हणालो, "जॅकेट जड आहे." त्या मुलीने जॅकेट काढायला लावलं. तरी ७५ च. (यात मेसचा वाटा किती आणि ताईच्या हातच्या साजूक तुपाचा किती, हे वेगळं काढता येणार नाही.) तिने माझ्या फॉर्मकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ मार्कर घेतला आणि हाताच्या पाठीवर ठळक ७५ लिहिलं. मला जरा अपमान वाटला. रांगेत उभं राहिल्यावर मात्र डोक्यात एफ.ई.चं गणित सुरू झालं आणि तळपायाला घाम आला.

तेच गणित इथे मांडतो. आकडे माझ्या मनाचे आहेत, त्या कंपनीचे नाहीत. समजा दोराची मूळ लांबी १५ मीटर, माणूस ६८ किलोचा, आणि दोर असा निवडलाय की माणूस एकूण ४० मीटर खाली जावा. म्हणजे दोर २५ मीटर ताणला पाहिजे. सगळ्यात खालच्या बिंदूला वेग शून्य, म्हणून गमावलेली पोटेन्शियल एनर्जी बरोबर दोरात साठलेली स्ट्रेन एनर्जी. वजन गुणिले ४० बरोबर अर्धा गुणिले स्टिफनेस गुणिले २५ चा वर्ग. यातून स्टिफनेस येतो साधारण ८५ न्यूटन प्रति मीटर.

आता माझं जुनं चुकीचं उत्तर बघा. वजन आणि ताण समान होतात तेव्हा दोर ७.८ मीटर ताणलेला असतो. ही जागा खरी आहे, खोटी नाही. फक्त तिथे माणूस थांबत नाही. तिथे बल शून्य म्हणून त्वरण शून्य, म्हणजेच वेग सर्वांत जास्त, सेकंदाला १९ मीटर, ताशी जवळपास ७० किलोमीटर. तिथून पुढे दोर त्याला आवरायला लागतो आणि आवरता आवरता आणखी १७ मीटर जातात. सर बरोबर होते.

तळाशी दोरातला ताण वजनाच्या ३.२ पट येतो. एस.ओ.एम. शिकलेल्यांनी इथे थांबून इम्पॅक्ट लोडचं सूत्र लावून बघावं : १ अधिक वर्गमूळात (१ अधिक २ गुणिले पडण्याची उंची भागिले स्टॅटिक डिफ्लेक्शन). उंची १५, डिफ्लेक्शन ७.८. उत्तर तेच ३.२. ज्या सूत्राला आपण कॉलर आणि रॉडचं कंटाळवाणं चित्र काढतो, ते बंजीचंच चित्र आहे. कॉलरच्या जागी आपण स्वतः.

आता मुद्द्याचं. ६८ किलोसाठी काढलेल्या त्याच दोरावर ७५ किलोचा माणूस सोडला तर? वर्गसमीकरण सोडवलं की ताण २६.९ मीटर येतो. म्हणजे तो ४० ऐवजी ४१.९ मीटर जातो. सात किलो जास्त, आणि जवळपास १.९ मीटर खोली जास्त. पूल ४३ मीटर. वाटतं, अजून एक मीटर आहे की! पण इथेच पुस्तकातली 'पार्टिकल' नावाची गंमत घात करते. पार्टिकलला डोकं नसतं. बंजीत दोर घोट्याला असतो आणि माणूस उलटा असतो, म्हणजे घोट्याच्या खाली पावणेदोन मीटरवर डोकं आणि सव्वादोन मीटरवर बोटं. अडुसष्टवाल्याची बोटं पाण्यापासून पाऊण मीटर वर राहतात, आणि पंच्याहत्तरवाल्याचं डोकं अर्धा मीटर पाण्याखाली जातं. खाली नदी असेल तर बुडी, खडक असेल तर काय ते सांगायला नको.

हे सगळं रांगेत कागदाशिवाय आलं असं मी म्हणणार नाही, आकडे रात्री हॉटेलवर काढले. पण दिशा तिथेच कळली होती. मी ताईला हळूच म्हटलं, "फॉर्मवरचं अडुसष्ट घेतलं असतं तर?" ताई म्हणाली, "म्हणूनच तर काट्यावर उभं करतात, शहाण्या."

पुलावर घोट्यांना टॉवेल गुंडाळून त्यावरून पट्टा आवळला, कमरेला वेगळा हार्नेस. उडी मारून घेणाऱ्या माणसाने माझा हात उलटा करून आकडा मोठ्याने वाचला, दुसऱ्याने तो परत उच्चारला, मग दोर जोडला. पाण्याला शिवायचं का, असंही विचारलं. मी म्हटलं, फक्त हात. तो हसला. पहिल्या 'फाइव्ह, फोर, थ्री, टू, वन'ला मी जागचा हललो नाही. खरं सांगायचं तर पाय गोठले होते, गणित-बिणित सगळं गेलं होतं. तो काही बोलला नाही, ढकललंही नाही. फक्त म्हणाला की खाली बघू नकोस, समोरच्या डोंगराकडे बघ. दुसऱ्या मोजणीला मी पुढे झुकलो.

पहिले दीड-दोन सेकंद अत्यंत वाईट असतात. पोट कुठेतरी वर राहतं. मग दोर धरू लागतो, पण झटका बसत नाही, कुणीतरी हळूहळू ब्रेक दाबावा तसं होतं. मनगटापर्यंत हात पाण्यात गेले, थोडे केसही भिजले. वर उसळलो तो पुलाच्या बराच खाली राहिलो, कारण रबर घेतलेली सगळी एनर्जी परत देत नाही, काही उष्णतेत जाते. यालाच हिस्टेरेसिस. शिवाय रबर हुकचा नियमही नीट पाळत नाही, म्हणून वरचं माझं गणित ढोबळच समजा. आणखी एक मजा : दोर जड असेल तर सुरुवातीला माणूस जी पेक्षाही जास्त त्वरणाने पडतो, कारण लोंबणाऱ्या दोराचा सुटणारा भाग त्याला खाली ओढतो. गॅलिलिओला हे आवडलं नसतं. शेवटी खाली रबरी होडीतल्या दोघांनी लांब दांडा पुढे केला, तो धरला आणि मी होडीत आडवा झालो.

दुसऱ्या दिवशी शॉटओव्हर कॅन्यन स्विंग. नदीपासून १०९ मीटर उंच कड्यावर फळी, तिथून साधारण ६० मीटर पडायचं आणि मग घळीतून २०० मीटरचा झोका घ्यायचा. २००२ पासून चालू आहे. आमच्या आधी एका गोऱ्या आजोबांनी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून, खुर्चीसकट मागे कलंडून उडी घेतली. भावोजी म्हणाले, "माझं बी.पी. आहे, मी फोटो काढतो." मी आणि ताई जोडीने गेलो. (ताईचं वजन इथे लिहायची परवानगी नाही.)

स्विंगमध्ये रबर नाही, दोर फारसा न ताणणारा. म्हणजे हा सरळ सरळ पेंड्युलम. आणि पेंड्युलमच्या समीकरणात दोन्ही बाजूंचं वस्तुमान उडून जातं! एकटा माणूस आणि बहीण-भावाची जोडी, हवेचा विरोध सोडला तर वाट तीच, वेग तोच. ६० मीटर पडल्यावर वेग येतो सेकंदाला ३४ मीटर, ताशी सुमारे १२३ किलोमीटर. तिथले लोक तळाशी १५० पर्यंत सांगतात, कारण झोक्याचा तळ आणखी खाली असतो. आडव्या स्थितीतून सोडलेल्या पेंड्युलमचा तळातला ताण वजनाच्या बरोबर तिप्पट असतो, दोर ५ मीटरचा असो की १०० चा. आणि आडव्या स्थितीत तो ताण शून्यापासून सुरू होतो, म्हणून पडणं कधी संपलं आणि झुलणं कधी सुरू झालं ते कळत नाही. व्हायव्हात दोन-पाय-वर्गमूळ-एल-बाय-जी म्हणणाऱ्यांनी मात्र जपून. ते सूत्र छोट्या कोनाचं. नव्वद अंशांच्या झोक्याला काळ १.१८ पट लागतो.

पण वस्तुमान उडालं म्हणून बेफिकीर राहू नका. वाट बदलत नाही, दोरावरचा भार मात्र वजनाबरोबर वाढतोच. भीतीचं म्हणाल तर मला स्विंगची जास्त वाटली. वजनाची चूक जिथे अंगाशी येते त्या बंजीत रबर अलगद धरतं, आणि जिथे वजनाने वाट बदलत नाही तिथे माणूस जास्त ओरडतो. ताई तर अजून कबूल करत नाही की ओरडली.

झालेले अपघात वाचले तर त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी दोर तुटलेला नसतो. तुटतोही : ३१ डिसेंबर २०११ ला व्हिक्टोरिया फॉल्सच्या पुलावर तुटला, ती मुलगी झांबेझीत पडूनही वाचली. पण १९९७ मध्ये न्यू ऑर्लिन्सला सुपर बोलच्या तालमीत एका कलाकार बाईचा जीव गेला तो दोर नीट हाताळला, जोखला न गेल्यामुळे. २०१५ मध्ये स्पेनमध्ये एका मुलीने 'नो जंप' हे 'नाउ जंप' ऐकलं, दोर पुलाला बांधलेला नव्हता. म्हणून हातावरचा आकडा एकाने वाचायचा आणि दुसऱ्याने परत उच्चारायचा, हे मला त्या पुलावरचं सगळ्यात चांगलं डिझाइन वाटलं. न्यूझीलंडमध्ये २०११ च्या नियमांपासून अशा केंद्रांना सुरक्षा ऑडिट करून नोंदणी घ्यावी लागते. आपल्याकडे ऋषिकेशजवळ मोहनचट्टीला ८३ मीटरची बंजी २०१० मध्ये सुरू झाली. तिथे किंवा कुठेही जाल तेव्हा वजन तोंडी विचारून लिहून घेत असतील, तर परत फिरा. पैसे गेले तरी चालतील. डोळ्यांच्या पडद्याचा, पाठीचा किंवा बी.पी.चा त्रास असेल तर भावोजींसारखे फोटो काढा, कारण उलटं लोंबताना रक्ताचा सगळा दाब डोक्यात आणि डोळ्यांत येतो.

मार्कर पक्का होता. दोन दिवस आंघोळ करूनही गेला नाही. रविवारी आईचा व्हिडिओ कॉल आला. उडीचं तिला कुणीच सांगितलं नव्हतं. बोलता बोलता मी केस मागे सारले आणि तिने विचारलं, "हातावर काय लिहिलंय रे ते?"

मी म्हटलं, "माझं वजन."

"पंच्याहत्तर?" आई खूश होऊन म्हणाली. "मानवलं हो तुला ताईकडचं!"