ड्युटी आणि देव



आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ४६

थोडक्यात अर्थ असा. ज्याच्यापासून सगळे जीव झाले आणि ज्याने हे सगळं व्यापलंय, त्याची पूजा माणसाने आपल्या वाट्याच्या कर्माने करावी. त्यातूनच तो सिद्धीला पोहोचतो. माउलींनी तर इथे कर्मालाच फुलं म्हटलंय. ‘वाट्याचं कर्म’ म्हणजे जन्माने चिकटलेलं नव्हे, तर आपण स्वतः होकार देऊन घेतलेलं काम, असं मी समजतो.

पण तेच काम श्रद्धेच्या आड आलं तर?

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या एका पोलिसाचं असंच झालं. तो बाप्टिस्ट ख्रिश्चन होता. जुगार खेळायचा नाही आणि दुसऱ्याला त्यात मदतही करायची नाही, ही त्याची श्रद्धा. २००० साली त्याची नेमणूक झाली नेमकी कॅसिनोवर. तिथल्या जुगाराच्या उत्पन्नाचा हिशेब प्रमाणित करायचा, लोकांच्या तक्रारी तपासायच्या. त्याने दुसरी ड्युटी मागितली, ती मिळाली नाही. तो हजर झालाच नाही आणि नोकरी गेली. प्रकरण कोर्टात गेलं. २००३ साली अपील कोर्टाने निकाल त्याच्या विरोधात दिला. कोणता कायदा राबवायचा आणि कोणाला संरक्षण द्यायचं, हे पोलिसाने आपल्या धर्मावरून निवडायचं नसतं, असा त्या निकालाचा सूर होता.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्या माणसाचं वाईट वाटलं. ढोंगी नव्हता तो. श्रद्धेची किंमत त्याने स्वतः मोजली.

मग मी दुसऱ्या बाजूने विचार केला. समजा मी रात्री दोन वाजता १०० नंबर फिरवला. येणाऱ्या हवालदाराला माझा देव, माझं खाणं, माझा धंदा पटतो का, हे त्याने आधी बघावं का? खाकी वर्दीचा अर्थच हा की समोरचा कोणीही असो, मी येणार. वर्दीतला माणूस निवड करायला लागला, की सगळ्यात आधी कमजोर माणूस उघडा पडतो.

आता गीतेची सुरुवात आठवा. अर्जुनाने शस्त्र खाली ठेवलं ते कोणत्या कारणाने? पाप लागेल, कुलधर्म बुडेल, पितरांचं पिंडदान थांबेल. सगळी भाषा धर्माचीच! भगवंतांनी त्याला रागावून गप्प केलं नाही, पण त्या भाषेला भुललेही नाहीत. ‘मला नको वाटतंय’ हे ‘धर्मात बसत नाही’ असं म्हणणं फार सोपं असतं.

हे मी स्वतःवरून सांगतोय. एका एकादशीला ऑन-कॉल ड्युटी माझी होती. संध्याकाळी हरिपाठाला बसलो आणि फोन सायलेंट केला. तासाभराने बघतो तर सर्व्हर बंद, नऊ मिस्ड कॉल. टीममधली नवीन मुलगी एकटीच झगडत होती. मी सहज म्हणालो, “पूजेत होतो.” ती म्हणाली, “दादा, सकाळी सांगितलं असतं तर मी तयारीत राहिले असते.” खरं सांगायचं तर त्या दिवशी पूजा तिने केली. मी फक्त आवाज केला.

म्हणजे श्रद्धा गुंडाळून ठेवायची का? अजिबात नाही. शिकागोत एका कॅथलिक पोलिसाला गर्भपाताच्या क्लिनिकबाहेर पहारा नको होता. १९९८ च्या निकालात कोर्टाने म्हटलं की क्लिनिक नसलेल्या दुसऱ्या विभागात त्याच पगारावर बदली घेण्याची सोय त्याला होती आणि ती पुरेशी होती. म्हणजे आधी बोलायचं, पर्याय मागायचा, त्यासाठी थोडी गैरसोय सोसायची. आणि वरून आलेला हुकूमच अन्यायाचा असेल, निरपराध माणसाला मारायला सांगत असेल, तर गोष्टच वेगळी. तिथे नकार देणं हेच कर्तव्य. मी बोलतोय ते ज्यात कोणाचं तरी रक्षण आहे, अशा कामाबद्दल.

आषाढीला पंढरपुरात बंदोबस्ताचे पोलीस बघा. कित्येक जण स्वतः वारकरी घरातले. लाखो लोक दर्शनाला चाललेले आणि यांची नजर गर्दीवर. कळस मागे, पाठ देवळाकडे. मला वाटतं, विठोबाला ती पाठही नमस्कारासारखीच पोहोचत असणार.

आजचा अभ्यास : ‘माझ्या धर्मात बसत नाही’ असं म्हणण्याआधी तीन प्रश्न.
१. मी नाही म्हटलं तर कोण उघड्यावर पडेल?
२. हे मी वेळेवर सांगितलंय का?
३. याची किंमत मी मोजतोय, की दुसरा कोणी?

तिसऱ्या प्रश्नाशी मी अजून अडखळतो. तुम्ही पण जरा बसा त्याच्यापाशी.

राम कृष्ण हरी!