प्लॅस्टिकपासून तेल : दोन परवानग्यांचा धडा

डोंबिवलींतील ऊर्जा फाउंडेशन ही संस्था नागरिकांकडून टाकाऊ प्लॅस्टिक गोळा करून पुण्याजवळील जेजुरीच्या कारखान्याकडे पाठवीत आली आहे. तेथें त्याचें जळाऊ तेल होतें. कल्याणची आधारवाडी कचराभूमि २०२१ सालीं बंद झाली, परंतु कचरा कांहीं थांबला नाहीं. तेव्हां असा कारखाना ठाणें-कल्याणच्या परिसरांतच कां काढूं नये, आणि इतक्या उपयुक्त कामास सरकारी परवानग्यांची आडकाठी कशाला, असें विद्यार्थी आम्हांस विचारतात. प्रश्न रास्त आहे. म्हणून त्याचा थोडा विचार करूं.

प्लॅस्टिक हें मूळ खनिज तेलापासूनच होतें. बंद पात्रांत, हवा लागूं न देतां तें खूप तापविलें म्हणजे त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात. निघालेली वाफ थंड केली कीं तेल मिळतें. न थिजणारा वायु भट्टींतच जाळतां येतो, आणि तळाशीं काळा कोळसा उरतो. परंतु कच्च्या मालांत पीव्हीसीचे नळ मिसळले तर त्यांतील क्लोरिनपासून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ होते. ती पात्रास गंजविते व फुप्फुसांस जाळते. तापलेल्या पात्रांत हवा शिरली तर आगीचें किंवा स्फोटाचें भय असतें. म्हणजे तेल मालकाचें, पण धूर शेजाऱ्याचा!

याकरितांच १९७४ चा जलप्रदूषणाचा व १९८१ चा वायुप्रदूषणाचा असे दोन कायदे आहेत. त्यांखालीं महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ दोन वेळां संमति देतें. पहिली स्थापनेची : ती वीट रचण्यापूर्वीं घ्यावयाची. जागा कोणती, धुराडें किती उंच, सांडपाणी व कोळसा कोठें जाणार, हें तेव्हांच ठरतें. दुसरी चालविण्याची : यंत्रें बसल्यावर, उत्पादनापूर्वीं घ्यावयाची. ती पूर्वीं ठराविक मुदतीची असे व पुनः पुनः नवी करून घ्यावी लागे. दोन कां? सर्व भांडवल घालून झाल्यावर मालकास "नाहीं" म्हणणें कठीण. आणि केवळ नकाशा पाहून यंत्र कसें चालेल हें कळणें त्याहून कठीण.

तथापि संमतीचा कागद स्वतः कोणाचें रक्षण करीत नाहीं. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतींत २६ मे २०१६ रोजीं व पुन्हां २३ मे २०२४ रोजीं भीषण स्फोट झाले. ते रासायनिक कारखाने होते, प्लॅस्टिकचे नव्हेत. पण माणसें दगावलीं, आणि दूरवरच्या घरांच्या कांचा फुटल्या. कारखाना व वस्ती एकमेकांस भिडलेल्या गांवीं कागदावरील अट रोज पाळली गेली तरच तिला अर्थ आहे.

म्हणून परवानगीला आडकाठी समजूं नये. जो धुराड्याजवळ राहतो पण नफ्यांत भागीदार नाहीं, त्याचा शब्द तींत नोंदलेला असतो. पालकांनीं मंडळाच्या संकेतस्थळावर आपल्या भागांतील कारखान्यांच्या संमति व अटी अवश्य वाचाव्या. त्या सर्वांस खुल्या आहेत. मुलांनीं पिशव्या धुऊन, वाळवून, निरनिराळ्या ठेवाव्या व पीव्हीसी त्यांत मिसळूं देऊं नये. भट्टींत काय जातें याची पहिली निवड आपल्याच घरीं होत असते.